कांद्याची प्रतवारी करणारे स्वयंचलित यंत्र : अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मार्गदर्शन

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात स्वयंचलित यंत्र बांधायला घेणाऱ्या अनेक गटांचा पहिला महिना कोणता मायक्रोकंट्रोलर (यंत्र चालवणारी, प्रोग्राम करता येणारी चिप) घ्यावा या चर्चेत जातो. यंत्र मात्र अडते ते भलतीकडेच. वस्तू सेन्सरसमोर एकेक करून येत नाही, पट्टा रोलरवरून एका बाजूला सरकत जातो, किंवा सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) हलला की कंट्रोलर रीसेट होतो. या अडचणी प्रोग्रामने सुटत नाहीत आणि त्या कळतात तेव्हा आठवे सत्र संपत आलेले असते. म्हणून या लेखात एकच यंत्र निवडून, कागदावरच्या कल्पनेपासून चाचणीच्या तक्त्यापर्यंत ते कसे उभे करावे, हे मोजमापांसह मांडले आहे. ते यंत्र म्हणजे आकारानुसार कांद्याची प्रतवारी करणारा छोटा कन्व्हेयर, म्हणजे माल वाहून नेणारा पट्टा.

कांदा निवडण्यामागे कारण आहे. तो गोल असला तरी एकसारखा गोल नसतो, त्याची टरफले उडतात, मुळ्यांना माती चिकटलेली असते, आणि तरीही तो चाचणीसाठी हवा तितका सहज मिळतो. कारखान्यातल्या एकसारख्या डब्यांवर चालणारे यंत्र प्रयोगशाळेत लवकर जमते. शेतमालावर चालणारे यंत्र विद्यार्थ्याला यांत्रिक रचना, वीजपुरवठा, मोजमाप आणि प्रोग्राम या चारही बाजूंनी विचार करायला लावते. लिंबू, चिकू किंवा टोमॅटो घ्यायचा असेल तर खालील आकडे बदलावे लागतील, पद्धत तीच राहील.

आधी बाजार समितीत जावे

पहिले काम संगणकावरचे आरेखन नव्हे. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, चाकण किंवा सोलापूर, जी बाजार समिती जवळ असेल तिथे गटातील सर्वांनी एक सकाळ घालवावी आणि प्रतवारी करणाऱ्या मजुरांच्या हातांकडे नीट पाहावे. तिथे लक्षात येते की माणूस एकाच वेळी चार-पाच गोष्टी तपासत असतो. गोल्टी, म्हणजे लहान कांदे, वेगळी काढतो, जोड कांदा बाजूला टाकतो, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे) ओळखतो, सडलेला कांदा हाताला मऊ लागताच फेकतो आणि उरलेल्या मालातून मोठा निवडतो. विद्यार्थ्यांच्या यंत्राने यातले नेमके कोणते काम करायचे, हे इथेच ठरवावे. माझे ठाम मत असे आहे की पहिल्या यंत्राने फक्त आकार मोजावा. सड ओळखणे, जोड ओळखणे आणि मोबाइलवर आलेख दाखवणे ही तिन्ही कामे विषयाच्या नावात घालण्याचा मोह होतो, पण त्यामुळे एकही काम धड होत नाही.

त्यानंतर एका पानाचे विनिर्देशपत्र लिहावे. कांदा ३५ ते ७५ मिमी व्यासाचा असेल. ४५ मिमीपेक्षा लहान, ४५ ते ५५ मिमी आणि ५५ मिमीपेक्षा मोठा अशा तीन प्रती असतील. या सीमा उदाहरणादाखल आहेत, प्रत्यक्ष सीमा आपल्या भागातल्या व्यापाऱ्याला विचारून घ्याव्यात. यंत्र २३० व्होल्टच्या एकेरी फेजवर चालेल, दोन माणसांना उचलता येईल आणि चुकीचे प्रमाण किती चालेल हे आधीच लिहिलेले असेल. रोबोकॉनसारख्या रोबोंच्या स्पर्धेत उतरणाऱ्या संघांना हे पान आयते मिळते, कारण नियमावलीत मापे, वजन आणि वेळ या सगळ्यांच्या मर्यादा दिलेल्या असतात. २००८ साली आशिया-पॅसिफिक रोबोकॉन पुण्यात झाली, तिचा विषय तर आपल्या दहीहंडीवर बेतलेला होता. महाविद्यालयीन प्रकल्पात अशी नियमावली कोणी देत नाही, ती गटाने स्वतः लिहायची असते. मार्गदर्शक शिक्षकांची त्यावर सही घ्यावी म्हणजे पुढे विषय वाढत जात नाही.

कांदे एकेक करून आणणे हाच यंत्राचा गाभा

हॉपरमधून, म्हणजे माल ओतायच्या पेटीतून, कांदे घरंगळत सरळ मोजमापाच्या पट्ट्यावर सोडले तर ते घोळक्याने येतात, आणि एकमेकांना चिकटलेले दोन कांदे सेन्सरला एकच लांबट कांदा वाटतात. यावरचा सर्वांत साधा आणि खात्रीचा उपाय म्हणजे वेगवेगळ्या वेगाचे दोन पट्टे. पहिला पट्टा हळू चालतो. त्यावर दोन्ही बाजूंच्या कडा पुढे पुढे अरुंद होत जातात, म्हणजे शेवटी कांदे एका ओळीत, एकमेकांना टेकलेले असतात. दुसरा पट्टा वेगाने चालतो. पहिल्या पट्ट्यावरून त्यावर पडताच पुढचा कांदा झटकन पुढे जातो आणि मागच्याशी त्याचे अंतर वाढते.

हे आकड्यांत पाहावे. पहिला पट्टा सेकंदाला ६० मिमी आणि दुसरा १५७ मिमी वेगाने चालतो असे धरू. ६० मिमी व्यासाचे कांदे एकमेकांना टेकून आले तर सेकंदाला एक कांदा पुढे पडेल आणि दुसऱ्या पट्ट्यावर दोन कांद्यांच्या मध्यांमध्ये १५७ मिमी अंतर राहील. ४० मिमीचे कांदे आले तर तेच अंतर सुमारे १०५ मिमी होईल, म्हणजे दोन कांद्यांच्या मधली मोकळी जागा ६५ मिमी उरेल. ही ६५ मिमीची जागा संपूर्ण यंत्राची वेळापत्रके ठरवते, म्हणून ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

१५७ हा आकडा रोलरच्या परिघातून आला आहे. ५० मिमी व्यासाच्या रोलरचा परिघ १५७ मिमी असतो, म्हणून मिनिटाला ६० फेरे करणारी गिअरची डीसी मोटर थेट जोडली की हा वेग मिळतो. पट्ट्याच्या जाडीमुळे प्रत्यक्ष वेग थोडा जास्त भरतो, तो पुढे मोजून घ्यायचाच आहे. क्षमतेचे गणितही इथेच करून टाकावे. सेकंदाला एक कांदा आणि कांद्याचे सरासरी वजन ८० ग्रॅम धरले तर ताशी २८८ किलो होतात. प्रत्यक्षात पट्ट्यावर रिकाम्या जागा राहतात, म्हणून अहवालात याच्या निम्मी क्षमता लिहिणे प्रामाणिक ठरेल.

मोटरचा टॉर्क अंदाजाने घेऊ नये. एक मीटर लांबीच्या पट्ट्यावर एका वेळी सातआठ कांदे, म्हणजे अर्धा-पाऊण किलो वजन असते. ते तुलनेने नगण्य असून खरा विरोध पट्ट्याचा ताण, त्याखालच्या पत्र्याचे घर्षण आणि बेअरिंग यांचा असतो. त्यासाठी २० न्यूटन बल धरावे. रोलरची त्रिज्या २५ मिमी असल्याने लागणारा टॉर्क ०.५ न्यूटन-मीटर, म्हणजे साधारण ५ किलो-सेंमी येतो. दुप्पट राखीव धरून १० किलो-सेंमीची मोटर घ्यावी. पट्टा बसवल्यावर स्प्रिंगचा वजनकाटा लावून तो ओढून पाहावा आणि २० न्यूटनचा अंदाज बरोबर होता का हे तपासावे. परीक्षकाला अशा एका तपासणीचे मोल दहा पानी प्रस्तावनेपेक्षा जास्त वाटते.

पट्टा एका बाजूला सरकणे ही हमखास येणारी अडचण आहे. दोन्ही रोलर समांतर असणे आवश्यक आहे. त्यासाठी मोकळ्या रोलरच्या दोन्ही बाजूंना ताण देणारे बोल्ट स्वतंत्रपणे फिरवता आले पाहिजेत. लेथवर रोलर करून घेताना मध्यभाग कडांपेक्षा किंचित फुगीर ठेवायला सांगावे, व्यासात अर्धा ते एक मिलिमीटर फरक पुरतो. फुगीर रोलरवर पट्टा आपोआप मध्याकडे येतो. २० मिमी शाफ्टसाठी यूसीपी २०४ हे पेडस्टल बेअरिंग सर्वत्र मिळते. सांगाडा चौकोनी एमएस (माइल्ड स्टील) पाइपचा केला तर वेल्डिंगनंतर तो थोडा पिळवटतो, म्हणून बेअरिंगची भोके वेल्डिंगच्या आधी पाडू नयेत. शिरोली, भोसरी, सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम करून घेणाऱ्यांनी कारागिराला मोबाइलवरचे चित्र न दाखवता मापे लिहिलेले आणि कुठे किती अचूकता हवी हे सांगणारे कागदावरचे ड्रॉइंग द्यावे.

आकार मोजणे

मोजमापासाठी वस्तूवरून परावर्तित होणारा प्रकाश पाहणारा सेन्सर वापरू नये. लाल कांदा, फिकट उन्हाळ कांदा आणि मातीने माखलेला कांदा यांच्यावरून प्रकाश वेगवेगळा परततो, त्यामुळे कड नेमकी कुठे सुरू झाली हे रंगावर अवलंबून राहते. पट्ट्याच्या एका बाजूला प्रकाशाचा स्रोत आणि समोरच्या बाजूला ग्राहक ठेवून मधला किरण अडतो किती, हे मोजावे. ग्राहक म्हणून एलडीआर (प्रकाशानुसार रोध बदलणारा घटक) स्वस्त पडतो, पण त्याचा प्रतिसाद वीस-तीस मिलिसेकंदांचा असतो. केवळ २० मिलिसेकंद उशीर झाला तरी पट्टा तेवढ्यात ३ मिमी पुढे गेलेला असतो. फोटोट्रान्झिस्टर वापरला तर हा प्रश्न राहत नाही.

किरण पट्ट्यापासून २५ मिमी उंचीवर ठेवावा. का, ते भूमितीतून दिसते. कांदा गोल धरला तर त्या उंचीवर ४० मिमी व्यासाच्या कांद्याची लांबी ३८.७ मिमी, ६० मिमीच्या कांद्याची ५९.२ मिमी आणि ७० मिमीच्या कांद्याची ६७.१ मिमी भरते. आपल्या दोन्ही सीमांजवळ, म्हणजे ४५ आणि ५५ मिमीला, चूक अर्ध्या मिलिमीटरच्या आतच राहते. म्हणजेच एका किरणाने आपले काम भागते. दोन-तीन किरणांचा जाळीदार सेन्सर बांधण्याआधी हे गणित करून पाहिले तर बराच खर्च वाचतो.

किरण किती वेळ अडला हे मोजू नये, तो अडलेला असताना पट्टा किती सरकला हे मोजावे. वीजदाब कमी-जास्त झाला, हॉपर भरला किंवा पट्टा घट्ट बसला की वेग बदलतो आणि वेळेवर आधारलेले सगळे आकडे बिघडतात. मोकळ्या रोलरच्या शाफ्टला एका फेऱ्यात ६०० स्पंदने देणारा एन्कोडर जोडला तर प्रत्येक स्पंदनामागे पट्टा सुमारे पाव मिलिमीटर सरकतो. एन्कोडर मोटरच्या शाफ्टला न लावता मोकळ्या रोलरला लावण्याचे कारण असे की मोटरच्या रोलरवर पट्टा घसरू शकतो, मोकळा रोलर मात्र पट्ट्याबरोबरच फिरतो. एका स्पंदनाला नेमके किती मिलिमीटर, हे रोलरच्या व्यासावरून काढू नये. पट्ट्यावर खडूने खूण करून तो बरोबर एक मीटर सरकेपर्यंत स्पंदने मोजावीत आणि तो आकडा प्रोग्राममध्ये घालावा.

यानंतर लेथवर नायलॉनचे ४०, ५० आणि ६० मिमी व्यासाचे, ५० मिमी उंचीचे तीन ठोकळे करून घ्यावेत. ते पट्ट्यावर उभे ठेवून यंत्राने दाखवलेली लांबी आणि व्हर्निअरने मोजलेला व्यास यांची तुलना करावी. ठोकळ्यांवर यंत्र एका मिलिमीटरच्या आत बरोबर आले की मगच कांदे घ्यावेत. असे केले तर पुढे चूक दिसेल तेव्हा ती यंत्राची आहे की कांद्याच्या आकाराची, हे सांगता येते. कांद्याच्या आकाराची चूक येणारच, कारण मान आणि मुळ्या पट्ट्याच्या दिशेत असलेला कांदा आडव्या व्यासाऐवजी लांबी दाखवतो. उभट जातीत ही चूक जास्त, चपट्या कांद्यात उलट्या बाजूची. ती किती आहे हे तक्त्यात नोंदवावे.

ही चूक खपण्यासारखी नसेल तर वरून कॅमेरा लावणे हा पुढचा टप्पा आहे. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि ओपनसीव्ही ही चित्रे तपासणारी लायब्ररी वापरून दोन्ही बाजूंची मापे मिळतात. मात्र प्रकाशाची पेटी, कांद्यापासून वेगळा दिसणारा गडद निळा किंवा काळा पट्टा आणि कमी एक्स्पोजर या तीन गोष्टी लागतात. एक शतांश सेकंदाच्या एक्स्पोजरमध्येही कांदा दीड मिलिमीटर सरकतो आणि कडा तेवढी पुसट होते. सातव्या सत्रात कॅमेऱ्याच्या नादी लागू नये.

टरफलांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. सुकी टरफले पट्ट्यावर उडतात, किरणासमोर येतात आणि सेन्सरच्या भिंगाला चिकटतात. २० मिमीपेक्षा कमी लांबीची नोंद प्रोग्रामने सोडून द्यावी. स्रोत आणि ग्राहक दोन्ही छोट्या काळ्या नळीत आत बसवावेत, म्हणजे ऊन आणि धूळ दोन्ही अडतात. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीतून टरफल आणि माती खाली पडेल अशी जागा ठेवून तिथे ट्रे लावावा.

कांदा बाजूला ढकलणे

सर्व्होच्या हाताला बसवलेली ५० मिमी रुंदीची फळी पट्ट्याच्या वर टांगावी आणि ती पट्ट्याच्या आडव्या दिशेने झुलून कांद्याला बाजूच्या घसरगुंडीत ढकलेल अशी रचना करावी. पट्ट्यावर तिरकी आडवी येणारी लांब फळी पाहायला सोपी वाटते, पण ती उघडताना आणि मिटताना पट्ट्याची बरीच लांबी व्यापते आणि आपल्याकडे जागा आहे ६५ मिमीच.

एमजी ९९६ आर या सर्रास मिळणाऱ्या सर्व्होचा वेग ४.८ व्होल्टवर ६० अंशांना सुमारे ०.१७ सेकंद असा दिलेला असतो. ८० अंशांच्या झोक्याला भार नसताना ०.२३ सेकंद लागतात, आपण ०.२५ धरू. फळी जाऊन परत यायला अर्धा सेकंद लागतो. ४० मिमीचे कांदे लागोपाठ आले तर त्यांच्यामध्ये ०.६७ सेकंदाचे अंतर असते, म्हणजे हाताशी फारशी सवड नाही. म्हणून सर्वांत जवळजवळ येणारी गोल्टी ढकलूच नये, ती पट्ट्याच्या शेवटापर्यंत सरळ जाऊ द्यावी. पहिल्या फळीने मोठा कांदा आणि दुसऱ्या फळीने मध्यम कांदा काढावा. फळीला फोम किंवा रबर चिकटवावे, कारण मार लागलेला कांदा साठवणुकीच्या चाळीत टिकत नाही आणि शेतकरी तक्रार करेल तर ती इथेच करेल.

वीजजोडणी

ब्रेडबोर्ड फक्त टेबलावर सर्किट पडताळण्यासाठी असतो. मोटरच्या कंपनांनी त्यातल्या तारा सैल होतात आणि दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. म्हणून पडताळणी झाली की सर्किट सोल्डर केलेल्या बोर्डावर घ्यावे, बाहेर जाणाऱ्या तारा टर्मिनल ब्लॉकला फेरूल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) लावून जोडाव्यात आणि प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना क्रमांक द्यावा.

एमजी ९९६ आर अडकला तर अडीच अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकतो. त्याला आर्डुइनोच्या (मायक्रोकंट्रोलरच्या तयार बोर्डाच्या) ५ व्होल्टच्या पिनवरून वीज देणे हे कंट्रोलर वारंवार रीसेट होण्याचे नेहमीचे कारण आहे. १२ व्होल्टच्या एसएमपीएस या वीजपुरवठ्यावरून सर्व्होंसाठी दाब कमी करणारा स्वतंत्र बक कन्व्हर्टर घ्यावा, दोन सर्व्हो असतील तर शक्यतो दोन. सर्व्होजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा आणि सर्व पुरवठ्यांचे ग्राउंड एका बिंदूशी जोडावे. ग्राउंड जोडायचे राहिले तर सर्व्हो थरथरतो आणि दोष प्रोग्राममध्ये शोधण्यात दिवस जातात. मोटरचा ड्रायव्हर एल २९८ एन घेतला तर त्यात साधारण दोन व्होल्ट वाया जातात आणि १२ व्होल्टची मोटर मंद चालते. बीटीएस ७९६० हा मॉड्यूल या कामाला बरा. मॉसफेट (विजेचा स्विच म्हणून वापरायचा ट्रान्झिस्टर) स्वतः लावायचा असेल तर आयआरएफ ५४० एन हा ५ व्होल्टच्या पिनवर पूर्ण उघडत नाही, आयआरएलझेड ४४ एन उघडतो. रिले वापरत असाल तर त्याच्या कॉइलवर उलट दिशेने डायोड हवाच. एन्कोडरची तार मोटरच्या तारांबरोबर एकाच नळीतून नेऊ नये, नाहीतर खोटी स्पंदने मोजली जातात.

आणीबाणीचे लाल बटण प्रोग्रामवर अवलंबून ठेवू नये. त्याचा नेहमी जोडलेला असणारा (नॉर्मली क्लोज्ड) संपर्क मोटर आणि सर्व्होंच्या वीजपुरवठ्यातच असावा, म्हणजे बटण दाबताच किंवा तार तुटताच वीज तोडली जाते. कंट्रोलरचा पुरवठा चालू राहिला तर हरकत नाही. बटण पूर्ववत केल्यावर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये, त्यासाठी पुन्हा चालू करण्याचे बटण दाबावे लागावे. आयएसओ १३८५० या मानकातही हीच अपेक्षा आहे. पट्टा रोलरवर जिथे शिरतो तिथे बोटे आत ओढली जातात, तिथे पत्र्याचे झाकण लावावे. ओढणी, सैल बाही, मोकळे केस घेऊन चालू यंत्राजवळ कोणी उभे राहू नये. २३० व्होल्टची बाजू प्रयोगशाळा सहायकांच्या किंवा वायरमनच्या देखरेखीखाली जोडावी. लोखंडी सांगाड्याला अर्थिंग आणि पुढे गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा.

सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर समोर पाहून घेता येतात. सर्व्हो आणि फोटोट्रान्झिस्टर लागतात त्यापेक्षा एकेक जास्त घ्यावेत.

प्रोग्राम

या कामाला आर्डुइनो ऊनो (आर३) पुरतो. सेन्सरपासून पहिल्या फळीपर्यंत ३०० मिमी अंतर ठेवले तर त्या टप्प्यात एका वेळी दोन-तीन कांदे प्रवासात असतात. म्हणून एक कांदा मोजला, थांबलो, ढकलला, अशा क्रमाने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याच कांद्याला चुकतो. डिले ही प्रोग्राम थांबवून ठेवणारी आज्ञा या प्रोग्राममध्ये कुठेही नसावी. किरण सुटताच कांद्याची लांबी, त्याची प्रत आणि त्याच्या मध्याशी असलेला एन्कोडरचा आकडा अशी नोंद एका रांगेत घालावी. मुख्य फेरीत प्रत्येक वेळी रांगेतली पहिली नोंद पाहावी आणि चालू आकडा ठरलेल्या अंतराइतका वाढला की फळीला आज्ञा द्यावी. फळीला मध्यापर्यंत यायला ०.१२ सेकंद लागतात, तेवढ्यात कांदा १९ मिमी पुढे जातो, म्हणून आज्ञा तेवढी आधी द्यायची. हे १९ मिमी गणिताने काढावे आणि मग मोबाइलवर हळू गतीचे चित्रीकरण करून त्यात दुरुस्ती करावी.

तीन बारकावे इथे सांगणे आवश्यक आहे, कारण ते पुस्तकात सहसा सुटतात. पहिला, एन्कोडरचा आकडा साध्या इंट प्रकारात ठेवला तर ऊनोवर तो ३२,७६७ नंतर ऋण होतो. सेकंदाला ६०० स्पंदनांच्या वेगाने यंत्र सुमारे ५५ सेकंद उत्तम चालते आणि मग एकदम सगळे कांदे चुकीच्या खणात जातात. आकडा लाँग प्रकारात ठेवावा. दुसरा, ऊनोचा प्रोसेसर ८ बिटांचा असल्याने ३२ बिटांचा आकडा तो चार टप्प्यांत वाचतो. मध्येच स्पंदन आले तर अर्धा जुना, अर्धा नवा आकडा हाती येतो. म्हणून व्होलाटाइल असे जाहीर करून, वाचताना क्षणभर इंटरप्ट (स्पंदन येताच चालू काम अडवणारी सोय) बंद करावेत. तिसरा, सर्व्होची लायब्ररी सुरू होताच ऊनोच्या ९ आणि १० क्रमांकाच्या पिनांवरचे पीडब्ल्यूएम (मोटरचा वेग ठरवणारी वेगवान चालू-बंद स्पंदने) बंद पडते. मोटरचा वेग त्या पिनांवरून नियंत्रित करत असाल तर मोटर अचानक वेगळी वागू लागते. एन्कोडर २ आणि ३ क्रमांकाच्या पिनांवर, मोटर ५ आणि ६ वर ठेवली की हा प्रश्न येत नाही.

यंत्राच्या अवस्था कागदावर आधी काढाव्यात : थांबलेले, चालू, अडकलेले, आणीबाणी. कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत आणि कशामुळे जायचे, याचे बाण काढले की प्रोग्राम जवळजवळ लिहूनच होतो. मोटर चालू असताना अर्धा सेकंद एकही स्पंदन आले नाही, किंवा पट्टा १२० मिमी सरकला तरी किरण अडलेलाच राहिला, तर यंत्राने स्वतःहून थांबून दिवा लावावा. प्रोग्रामची प्रत्येक चालणारी आवृत्ती गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात साठवावी, पेनड्राइव्हवर नव्हे.

चाचणी आणि कामाची आखणी

सातवे सत्र संपण्याआधी दोन्ही पट्टे, हाताने चालू-बंद करून का होईना, कांद्यांसह फिरलेले असावेत. चौघांचा गट असेल तर एकाकडे सांगाडा व पट्टे, एकाकडे वीजजोडणी, एकाकडे प्रोग्राम आणि एकाकडे मोजमाप व नोंदी द्याव्यात. नोंदींचे काम दुय्यम समजून सर्वांत गप्प विद्यार्थ्याकडे ढकलू नये, परीक्षेत यंत्राची बाजू तोच मांडणार असतो.

चाचणीसाठी १०० कांदे घ्यावेत, प्रत्येकावर क्रमांक लिहावा, व्हर्निअरने त्याचा आडवा व्यास मोजून तक्त्यात भरावा आणि तेच १०० कांदे यंत्रावरून तीनदा, दरवेळी क्रम बदलून सोडावेत. यंत्राने कोणत्या प्रतीचा कांदा कोणत्या खणात टाकला, हे तीन बाय तीन चौकटींच्या तक्त्यात मांडले की चूक कुठे होते ते दिसते. सीमेच्या दोन मिलिमीटर आतबाहेरच्या कांद्यांची चूक वेगळी दाखवावी. ५४.६ मिमीचा कांदा मोठ्यात गेला तर बाजारात त्याने फरक पडत नाही, ४२ मिमीचा गेला तर पडतो. १०० कांद्यांत एकही चूक झाली नाही तर यंत्र शंभर टक्के अचूक आहे असे लिहू नये. १०० पैकी शून्य चुका असताना खरे चुकीचे प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत असण्याची शक्यता, ९५ टक्के विश्वासाच्या पातळीवर, नाकारता येत नाही. मोठा दावा करायचा असेल तर कांदे वाढवावेत.

दुसरी चाचणी सलग चालण्याची. यंत्र दोन तास थांबवल्याशिवाय चालवावे आणि किती वेळा अडकले, कुठे अडकले, मोटर व कन्व्हर्टर किती तापले, टरफलांमुळे सेन्सर किती वेळाने पुसावा लागला, याची नोंद ठेवावी. तिसरी चाचणी खळ्यावर किंवा चाळीजवळ करावी. तिथे ऊन, धूळ, उतरती जमीन आणि कमी वीजदाब एकाच वेळी भेटतात. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने काढलेल्या भीमा शक्ती, भीमा किरण यांसारख्या रब्बी जाती आणि गावरान वाण, असा दोन्ही प्रकारचा माल मिळाला तर आकारातल्या फरकाचा परिणामही कळेल.

यंत्र शेतकऱ्याकडे काही दिवस ठेवायचे ठरले तर प्रतींच्या सीमा लॅपटॉप न जोडता बदलता याव्यात, यासाठी पॅनेलवर दोन नॉब आणि छोटा डिस्प्ले द्यावा. पॅनेलच्या दाराच्या आत तारांच्या क्रमांकांसह सर्किटचा छापील कागद चिकटवावा, त्याशेजारी सेन्सर पुसण्याची आणि पट्टा ताणण्याची पद्धत मराठीत चार ओळींत लिहावी, आणि जास्तीचा एक सर्व्हो व फ्यूज त्याच पेटीत बांधून ठेवावेत.